नैराश्यात रोजचा दिवस कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. या आजारासोबत बरीच वर्षं काढलेली आणि एका स्वमदत गटात नियमित बसणारी बाई आहे. खालचे प्रश्न लोकांनी गटात विचारलेत, फोनवर विचारलेत, काहींनी तर लग्नकार्यात कोपऱ्यात ओढून नेऊन हळूच विचारलेत. निदान आणि औषधं हा डॉक्टरांचा प्रांत. मला सांगायचंय ते दोन अपॉइंटमेंटांच्या मधल्या दिवसांबद्दल, कारण ते एकट्याने काढावे लागतात.

आत्ता या घडीला जीव देण्याचा विचार डोक्यात असेल तर पुढचं वाचत बसू नका. १४४१६ ला फोन लावा, किंवा शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारा.

हे नैराश्यच आहे की नुसतेच वाईट दिवस चाललेत?

वाईट दिवसांतही मन अधूनमधून वर येतं. मॅच बघताना, नातवंडाशी खेळताना, गरम भजी खाताना तासभर का होईना, बरं वाटतं. नैराश्यात तो तासही सुटा मिळत नाही. भजी तोंडात असतात आणि चव लागत नाही.

डॉक्टर साधारण दोन आठवड्यांचा हिशोब धरतात. जवळपास रोज, दिवसातला बराचसा वेळ मन उदास असणं किंवा कशातच गोडी न वाटणं, आणि त्याच्या जोडीला झोप बिघडणं, भूक मरणं किंवा वाढणं, थकवा, कामात लक्ष न लागणं, सतत स्वतःलाच दोष देणं, मरणाचे विचार येणं. यातलं बरंच काही जुळत असेल तर दाखवून घ्या. 'पीएचक्यू-९' नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीतही मिळते. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर डॉक्टर गाठा. त्या कागदावर निदान होत नाही, पण समोर बसल्यावर तोंडातून शब्द फुटत नसेल तर भरलेला कागद पुढे सरकवता येतो. तेवढं खूप असतं.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. 'मला उदास वाटतं' असं म्हणणारे थोडे. डोकं जड झालंय, अंग मोडून आलंय, हातपाय गळून गेलेत, छातीत धडधडतं, पोटात गॅस धरतो, अशा तक्रारी घेऊन माणसं वर्षभर फिरतात. ईसीजी होतो, सोनोग्राफी होते, सगळं 'नॉर्मल' येतं आणि घरचे म्हणतात, बघ, तुला काही झालेलंच नाही. पुरुषांमध्ये तर उदासीच्या जागी चिडचिड दिसते. ताटावरून उठून जाणं, मुलांवर खेकसणं, गाडी उगाच जोरात हाणणं. त्याला स्वभाव म्हणून सोडून देतात.

उलट बाजूही आहे. थायरॉईड मंदावलं, हिमोग्लोबिन घसरलं, बी-१२ कमी पडलं तरी माणूस असाच दिसतो. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास असते. म्हणून पहिल्याच भेटीत रक्ततपासणी लिहून दिली तर 'डॉक्टरला माझं खरं वाटलं नाही' असं समजू नका.

घर आहे, नोकरी आहे, पोरं मार्गी लागलीत. मग मला कसलं आलंय नैराश्य?

या आजाराला कारण दाखवावं लागत नाही. आनुवंशिकता असते, लहानपणी सोसलेलं असतं, लांबलेला ताण असतो, बाळंतपण किंवा मोठं आजारपण असतं, आणि कधीकधी बोट ठेवायला काहीच सापडत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की देशात साधारण २० पैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो. त्यात कर्जबाजारी असतात तसे फ्लॅटवालेही असतात. 'माझ्याकडे सगळं असून मी रडते' ही लाज मूळ दुखण्यावर आणखी एक ओझं टाकते. ते तरी खाली ठेवा.

सकाळी उठवतच नाही. काय करू?

गटात सर्वाधिक वेळ याच प्रश्नावर जातो आणि जायलाच हवा. कित्येकांचं नैराश्य सकाळी सगळ्यात जास्त दाटतं आणि संध्याकाळकडे थोडं उतरतं. पहाटे तीन-चारला जाग येते, मग झोप नाही, आणि उजाडल्यावर अंगात काडीचं बळ नाही. अशा वेळी 'आजपासून पाचला उठून प्राणायाम' असले संकल्प सोडाच. मोडतात, आणि मोडले की स्वतःला शिव्या घालायला नवं निमित्त मिळतं.

सकाळ बारीक तुकड्यांत तोडायची. डोळे उघडले की पहिलं काम एकच: पाय जमिनीला लावून पलंगाच्या कडेवर बसणं. दिवसाचं नियोजन, आयुष्याचं काय झालं, हे तिथे बसून ठरवायचं नाही. मग खिडकीपर्यंत जाऊन पडदा सारायचा. उजेड डोळ्यांवर पडणं झोपेचं घड्याळ लावायला खरंच उपयोगी पडतं. मग तोंडावर पाणी. मग चहा. मधलं एखादं जमलं नाही तर पुढचं करायचं.

आंघोळीबद्दल लोक लाजून बोलतात, म्हणून इथे लिहिते. नैराश्यात आंघोळ हे डोंगराएवढं काम होतं. आंघोळ ही एक क्रिया मुळी नसतेच. कपडे शोधा, टॉवेल शोधा, गीझर लावा, वाट बघा, कपडे काढा, थंडी सोसा, अंग पुसा, ओले केस सांभाळा. आदल्या संध्याकाळी, जेव्हा जरा जीव असतो, तेव्हा टॉवेल आणि कपडे बाथरूमच्या दारामागे टांगून ठेवा. आत एक प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा आणि बसून अंगावर चार तांबे घ्या. केस धुवायचे नाहीत. तेही होत नसेल तर ओल्या पंच्याने मान, काखा, पाय पुसून स्वच्छ कपडा घाला. आमच्या गटात त्याला 'अर्धी आंघोळ' म्हणतात आणि ती पूर्ण धरली जाते.

मोबाइलबद्दल एक. जाग आल्याबरोबर तो हातात आला की पलंगावरून उठणं तासभर पुढे जातं. चार्जर स्वयंपाकघरात लावा. अलार्म वाजला की तिथवर जावंच लागतं, आणि तिथवर गेलात की चहाचं आधण ठेवणं एक हाताच्या अंतरावर असतं.

मन लागत नसताना ओढून-ताणून काम करण्यात काय अर्थ? आधी मन ठीक होऊ दे ना.

मला या सगळ्या पानात एकच गोष्ट सांगायची मुभा दिली तर मी ही सांगेन: या आजारात क्रम उलटा असतो. एरवी वाटतं म्हणून आपण करतो. इथे आधी करावं लागतं, वाटणं मागून येतं, आणि तेही उशिरा. कोरड्या पडलेल्या हातपंपात वरून तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय तो खालचं पाणी खेचत नाही, तसं आहे हे.

ही माझ्या मनची समजूत नाही. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका याचाच अभ्यास केला, आणि तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आला. मध्यम ते तीव्र नैराश्याचे जवळपास पाचशे रुग्ण होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला सहा ते आठ भेटी. भेटी देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक साधी माणसं होती. ती रुग्णाबरोबर बसून काय ठरवायची? कुठली कामं सुटलीत, कुठल्या कामाने किंचित बरं वाटायचं, त्यातलं या आठवड्यात एक कुठलं करता येईल, आणि मध्ये अडचण काय येईल. तीन महिन्यांनी पहिल्या गटात १०० पैकी ३९ जण आजारातून बाहेर होते, दुसऱ्या गटात ६४.

घरी करायचं तर एका कागदावर आठवडा आखा आणि रोज दोनच गोष्टी लिहा. एक गरजेची: लाइट बिल भरणं, गॅसचा नंबर लावणं, पोराच्या वहीवर सही. एक पूर्वी आवडणारी: कुंड्यांना पाणी घालणं, रेडिओ लावणं, कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाणं. आवडेल अशी अट नाही. केलं की टिकमार्क, आणि शेजारी दहापैकी किती बरं वाटलं तो आकडा. पहिल्या आठवड्यात शून्य आणि एक असेच आकडे दिसतील. चालतंय. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कुठेतरी तीन दिसतो.

स्वयंपाक होत नाही. घरात सगळ्यांचं माझ्यावर अवलंबून आहे.

चारी ठाव स्वयंपाक काही दिवस विसरा. एका कुकरमध्ये मुगाची खिचडी, वर तूप, बाजूला दही. सकाळी तीच, रात्री तीच. पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून. एकटे राहत असाल तर केळी, दूध, फुटाणे, शेंगदाण्याचा लाडू, उकडलेली अंडी हाताशी ठेवा आणि भूक लागायची वाट न बघता घड्याळाकडे बघून खा. भूक लागल्याचं शरीर सांगेलच असं नाही.

'बाईने घातलेला खिचडीचा घाट' बघून नाक मुरडणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतं. त्यांना भाजी निवडायला बसवा.

झोपच लागत नाही. झोपेची गोळी घेऊ का?

मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका. झोपेसाठी, घबराटीसाठी ज्या गोळ्या सर्रास खाल्ल्या जातात, अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम यांसारख्या, त्यांची सवय लागू शकते. डॉक्टर त्या थोड्या दिवसांसाठी देतात, तेवढेच दिवस घ्यायच्या.

बाकी उपाय कंटाळवाणे आहेत पण चालतात. रात्री कितीही वाजता झोप लागो, उठायची वेळ ठरलेली. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नाही. दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासाच्या आत. वीस-पंचवीस मिनिटं तळमळत पडलात तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत या. पलंगावर पडून पडून मन जुने हिशोब काढतं. पहाटे तीनला डोक्यात येणाऱ्या कुठल्याही निष्कर्षावर विश्वास ठेवायचा नाही, हा आमच्या गटातला नियम. नोकरी सोडायची, घटस्फोट घ्यायचा, प्लॉट विकायचा, सगळं सकाळी दहानंतर. खरं तर आजार उतरेपर्यंत मोठे निर्णय पुढेच ढकलावेत.

गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत म्हणतात.

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन वगैरे, वर सांगितलेल्या झोपेच्या गोळ्यांपेक्षा वेगळ्या आहेत. त्यांची दारूसारखी तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा असं मनात येत नाही. पण त्या एकदम तोडल्या तर त्रास होतो: चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटणं. म्हणून डॉक्टर त्या हळूहळू उतरवतात.

लोक जिथे फसतात ती जागा म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, कधी अस्वस्थता, हे त्रास पहिल्याच आठवड्यात सुरू होतात. फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, नीट दिसायला सहा ते आठ. म्हणजे सुरुवातीला नुसता तोटाच पदरात पडतो, आणि माणूस दहाव्या दिवशी पाकीट ड्रॉवरमध्ये टाकून 'मला ॲलोपॅथी मानवत नाही' असं जाहीर करतो. त्रास होत असेल तर डॉक्टरांना फोन करा. डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, औषध बदलता येतं.

दुसरी फसायची जागा म्हणजे बरं वाटायला लागल्यावर. पहिल्या खेपेला बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर गोळ्या चालू ठेवायला सांगतात, पुन्हापुन्हा आजार होत असेल तर त्याहून जास्त. काही जणांना खरंच वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. मी घेते. चहाच्या डब्याशेजारी पाकीट असतं, चहा झाला की गोळी, विषय संपला.

डॉक्टरांपासून तीन गोष्टी लपवू नका. लैंगिक इच्छा कमी झाली असेल तर ते औषधामुळेही होतं, आणि त्यावर मार्ग असतो. पूर्वी कधी झोपेशिवाय प्रचंड उत्साह, वारेमाप खर्च, बडबड असा काळ येऊन गेला असेल तर तो सांगाच, कारण मग आजार दुसरा असू शकतो आणि नुसत्या या गोळ्यांनी तो उसळतो. आणि दुसऱ्या कुठल्याही पॅथीची औषधं, काढे, पुड्या चालू असतील तर त्याही. पंचविशीच्या आतल्या मुलांमुलींवर सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त लक्ष ठेवावं लागतं, कारण त्या काळात क्वचित आत्महत्येचे विचार वाढतात.

समुपदेशकाकडे जाऊ की मानसोपचारतज्ज्ञाकडे?

मानसोपचारतज्ज्ञ एमबीबीएसनंतर त्या विषयात शिकलेले डॉक्टर असतात आणि औषधं तेच देतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. आजार सौम्य असेल तर नुसत्या बोलण्याच्या उपचारांनी भागू शकतं. उठणं-जेवणं बंद झालं असेल, मरणाचे विचार येत असतील तर आधी डॉक्टर. बऱ्याच जणांना दोन्ही लागतं.

बोलण्याचा उपचार म्हणजे सल्ला मिळवणं असं समजून लोक जातात आणि 'त्या बाईने काहीच सांगितलं नाही' म्हणत परत येतात. चांगला समुपदेशक तुमच्या विचारांच्या खोडी तुम्हालाच पकडायला शिकवतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली, त्यामुळे मराठीत या विषयावर बोलण्याची सोय बऱ्यापैकी आहे. साहेबांनी नमस्काराला उत्तर दिलं नाही, यावरून 'मी कुचकामी आहे' इथवर मन किती पायऱ्या गाळून पोहोचलं, हे कागदावर मांडून बघण्यात खरी गंमत आहे. फी विचारायला लाजू नका. एकाशी सूर जुळला नाही तर दुसरा बघा.

खासगी डॉक्टर परवडत नाही. तालुक्याला तर मानसोपचारतज्ज्ञच नाही.

जिल्हा रुग्णालयात जा, केसपेपर काढा आणि मानसोपचार विभाग कुठल्या वारी असतो ते विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची पथकं काही ठिकाणी ग्रामीण रुग्णालयांतही ठरलेल्या दिवशी येतात, आशाताईंना ते दिवस माहीत असतात. मोठी सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, गोव्यात बांबोळीला. या गावांची नावं आपण इतकी वर्षं थट्टेत वापरलीत ('याला येरवड्याला न्या रे') की तिथल्या बाह्यरुग्ण विभागात गोळ्या घेऊन संध्याकाळच्या एसटीने घरी परतणारे शेकडो लोक कुणाच्या डोळ्यांसमोरच येत नाहीत.

फोनवर बोलायचं तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. नंबर १४४१६, किंवा १८०० ८९१ ४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही. पहिल्या फोनला काय बोलायचं सुचलं नाही तर 'मला बरं वाटत नाहीये, कुठून सुरुवात करू कळत नाही' एवढं वाक्य पुरतं.

भगत-देवऋषीबद्दल हमखास विचारलं जातं. देवळात बसून बरं वाटत असेल तर जरूर बसा, वारीला जा, भजनाला जा. माणसांत मिसळणं औषधच आहे. पण 'गोळ्या बंद कर' म्हणणाऱ्याकडे, मारहाण करणाऱ्याकडे, उपाशी ठेवणाऱ्याकडे आपला माणूस सोपवू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

घरात नवऱ्याला/आईला/मुलाला नैराश्य आहे. मी काय बोलू?

कमी बोला. 'मनावर घेऊ नकोस', 'तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतले लोक बघ', 'जरा बाहेर पड, सगळं ठीक होईल', ही वाक्यं प्रेमापोटी येतात आणि ऐकणाऱ्याला एकच ऐकू येतं: तुला जमत नाही, हा तुझाच दोष.

'काय मदत करू?' हा प्रश्नही जड जातो, कारण उत्तर शोधायला ताकद लागते. त्यापेक्षा नेमकं विचारा. 'मी भाजी आणायला निघालोय, चपला घाल, नुसता सोबत चल, बोलायचं नाही.' 'गुरुवारची अपॉइंटमेंट मी घेतलीय, रिक्षा मी बोलावतो.' नाही म्हणाले तर रुसू नका, दोन दिवसांनी पुन्हा तितक्याच सहज विचारा. मुलगा वीस-बावीसचा असेल तर आईपेक्षा मामा किंवा आत्या यांचं ऐकायची शक्यता जास्त, तो मार्ग धरा.

गोळ्यांची आठवण करून देणं आणि पाळत ठेवणं यात फरक आहे. 'घेतलीस का?' हे दिवसातून एकदा. रडू आलं की लगेच 'आज गोळी चुकवलीस ना!' म्हणू नका. बरी असलेली माणसंही रडतात.

आणि तुम्ही स्वतः? सांभाळणाराही थकतो. आठवड्यातली एक संध्याकाळ दुसऱ्या कुणावर सोपवून घराबाहेर काढा. त्यात अपराधी वाटायचं काही कारण नाही.

ऑफिसात सांगू का?

सगळ्यांना सांगायची गरज नाही. भरवशाचा एक सहकारी आणि शक्य असेल तर थेट वरिष्ठ, एवढं पुष्कळ. 'तब्येतीचे उपचार चालू आहेत, पुढचे दोन महिने सकाळच्या मीटिंगऐवजी दुपारची मिळाली तर बरं', अशी मोजकी मागणी करा. आजाराचं नाव सांगायचं की नाही हे समोरचा माणूस बघून ठरवा. पूर्ण रजा घेऊन घरी पडून राहिल्याने काहींची तब्येत आणखी बिघडते, तेव्हा रजेचा निर्णय डॉक्टरांशी बोलून घ्या. डोक्याची कामं दुपारी, फायली लावणं आणि मेल पुसणं सकाळी.

दारू घेतली की झोप लागते, जरा हलकं वाटतं.

दोन तास. मग पहाटे झोप मोडते आणि दुसरा दिवस आणखी काळवंडतो. दारू स्वतःच नैराश्य वाढवते, गोळ्यांबरोबर तर घोटाळाच. रोज लागत असेल तर एकदम बंद करू नका, तसं करणंही धोक्याचं असतं. डॉक्टरांना खरा आकडा सांगा. 'कधीतरी' म्हणू नका.

योग, चालणं, ध्यान यांनी बरं होतं का?

चालण्याने फायदा होतो, याला चांगला आधार आहे. रोज अर्धा तास भरभर चालणं हे ध्येय, पण सुरुवात बिल्डिंगच्या गेटपर्यंत. योगासनं ज्याला रुचतात त्याने करावीत. ध्यानाबद्दल माझं मत जरा तिरकं आहे: आजार जोरात असताना डोळे मिटून बसलं की आत तीच टेप वाजते, त्यापेक्षा तांदूळ निवडावेत. ओसरल्यावर खुशाल करा. यांतलं काहीही 'गोळ्यांऐवजी' म्हणून परस्पर ठरवू नका.

बाळंतपणानंतर सुनेला रडू येतं, बाळाकडे बघत नाही. माहेरी पाठवू का?

पहिल्या काही दिवसांत रडू येणं, हळवं होणं बहुतेक बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे राहिलं, किंवा ती बाळाबद्दल वा स्वतःबद्दल भीतीदायक बोलू लागली, तिला भास होऊ लागले तर त्याच दिवशी डॉक्टर. अंगावर पाजत असतानाही देता येतात अशी औषधं आहेत. माहेरी जायचं का हे तिला विचारा. दरम्यान रात्रीचं एक पाजणं घरातल्या दुसऱ्याने वाटी-चमच्याने सांभाळलं आणि तिला सलग पाच तास झोप मिळाली तर पुष्कळ फरक पडतो. 'आम्ही नाही का पोरं वाढवली' हे वाक्य घरात बंद ठेवा.

दिवाळी, गणपती, लग्नसराई अंगावर येते.

येणारच. सगळीकडे रोषणाई आणि आपण आतून विझलेले. त्यात पाहुण्यांची चौकशी: 'बारीक झालीस गं!' आधीच ठरवा: कशाला जायचं, किती वेळ बसायचं, निघताना काय सांगायचं. लग्नाला जायचं तर अक्षतांना जा आणि पंगतीआधी निघा. घरी दीड दिवसाचा गणपती असेल तर आरतीचं ताट तुम्ही धरा, उकडीचे मोदक ऑर्डर करा. चकल्या विकतच्या आणल्या म्हणून लक्ष्मीपूजन अडत नाही. एकटे परदेशात असाल तर दिवाळीच्या दिवसांत घरच्या व्हिडिओ कॉलनंतरचा तास सगळ्यात वाईट जातो असं अनेक जण सांगतात. त्या तासासाठी आधीच कुणाला तरी चहाला बोलावून ठेवा.

मरणाचे विचार येतात. कुणाला सांगितलं तर पोलिसांत जाईल का?

नाही. विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा देणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात राहिलेलं नाही, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरून तिला उपचार आणि आधार द्यायचा आहे. तेव्हा सांगा. डॉक्टरांना सांगा, भावाला सांगा, १४४१६ ला सांगा.

घरच्यांनी सरळ विचारावं: 'जीव नकोसा झालाय का? जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने डोक्यात कल्पना घुसते ही समजूत चुकीची आहे. उलट विचारलं की बांध फुटतो. उत्तर हो आलं तर माणसाला एकटं सोडू नका आणि धोक्याच्या वस्तू हाताबाहेर न्या. शेतकरी घरात फवारणीचं औषध घरात नकोच, कुलपात टाका आणि किल्ली शेजाऱ्याकडे द्या. गोळ्यांचा साठा एकाने ताब्यात घेऊन रोजची रोज काढून द्यावा. अशी लाट काही तासांची, कधी काही मिनिटांची असते. ती ओसरेपर्यंत हाताशी काही नसणं आणि शेजारी कुणी असणं यावर जीव वाचतो. परिस्थिती हाताबाहेर वाटली तर १०८ किंवा ११२.

बरी झाले. परत होईल का?

होऊ शकतं, एकदा झालेल्या बऱ्याच जणांना पुन्हा होतं. पण दुसऱ्या खेपेला तुम्हाला त्याची चाल ओळखीची असते. प्रत्येकाची चाहूल वेगळी. कुणाची आधी झोप जाते, कुणी फोन उचलणं बंद करतं, कुणाच्या घरात भांडी दोन-दोन दिवस सिंकमध्ये राहतात. बरं असताना आपल्या तीन खुणा कागदावर लिहा आणि घरातल्या एकाला वाचायला द्या. त्यातल्या दोन दिसल्या तर डॉक्टरांना फोन करायची परवानगी त्या माणसाला आजच देऊन ठेवा, कारण त्या वेळी तुम्ही 'मला काही झालेलं नाही' असंच म्हणणार आहात.

मेडिक्लेममध्ये हे बसतं का?

२०१७ च्याच कायद्यात असं म्हटलंय की शारीरिक आजारांना जसा विमा मिळतो तसाच मानसिक आजारांनाही मिळाला पाहिजे. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर दावा करा, नाकारला तर लेखी कारण मागा. मात्र बऱ्याच पॉलिसींत बाह्यरुग्ण तपासणीचा आणि गोळ्यांचा खर्च धरलेलाच नसतो, तेव्हा पॉलिसीतली ओपीडीची ओळ आधी वाचून घ्या. नवी पॉलिसी घेताना चालू उपचार लपवू नका, पुढे त्याच कारणावरून दावा अडतो. गोळ्या महाग पडत असतील तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा.